पितांबररावांची मूठ

सगळा घोळ डॉक्टरीणबाईंच्या एका शब्दाने केला. रक्ताचा रिपोर्ट वाचून डॉक्टर फाल्गुनीबेन म्हणाल्या, "पाटीलसाहेब, साखर काठावर आलीय. पलीकडे गेलेली नाही अजून. थोडं चाला, थोडं कमी खा, आणि दिवाळी झाली की परत दाखवा."

"थोडं म्हणजे किती?" पितांबर पाटलांनी विचारलं.

"जमेल तेवढं."

हे उत्तर नंदुरबारातल्या दुसऱ्या कुणाला मिळालं असतं, तर तो बाहेर पडून पहिल्या टपरीवर निम्म्या साखरेचा चहा प्याला असता आणि उपचार सुरू झाले असं समजला असता. पण पितांबरराव एका सरकारी कचेरीत अधीक्षक होते. त्यांच्या टेबलावरचा कागद जमेल तेवढा बरोबर असून चालत नसे. एकदा एका शिपायाचा रजेचा अर्ज त्यांनी समास कमी पडला म्हणून परत पाठवला होता. तो दुरुस्त होऊन पुन्हा त्यांच्यापुढे आला, तोवर शिपाई रजा भोगून कामावर हजर झालेला होता. अशा माणसाला कुणी ‘जमेल तेवढं’ सांगितलं तर तो अपमान समजणार, यात त्याचा काही दोष नाही.

अपमानाच्या खाली मात्र भीती होती. पितांबररावांच्या वडिलांनाही साखर होती. गावी, रनाळ्याच्या घरच्या ओट्यावर, एका पायानिशी, खाटेवर बसलेले वडील त्यांनी शेवटची काही वर्षं पाहिले होते. एवढा उंचापुरा माणूस, पाणी प्यायलाही कुणाची तरी वाट बघायचा. त्या दिवशी दवाखान्यातून घरी येताना पितांबररावांना सारखा तो ओटा दिसत होता. हे त्यांनी बायकोला, म्हणजे रुपाबाईंना, सांगितलं नाही. त्यांनी फक्त जाहीर केलं की उद्यापासून या घरात थोडंथोडकं काही होणार नाही, जे होईल ते संपूर्ण होईल.

"म्हणजे काय व्हई?" रुपाबाईंनी विचारलं.

"सकाळी कळेल," पितांबरराव म्हणाले. तोऱ्यात आले की ते अहिराणी सोडून कचेरीतलं मराठी बोलत, आणि ते तसं बोलू लागले की घरातली माणसं सावध होत.

सकाळी पांढरेशुभ्र बूट घालून पितांबरराव कॉलनीमागच्या मैदानावर गेले. मैदान एका संस्थेचं होतं आणि फाटकावर संस्थेचा कारकून खुर्ची टाकून बसला होता. त्याने सांगितलं की आत चालायचं तर तंदुरुस्तीचा दाखला लागेल.

"अहो, मी तंदुरुस्त नाही म्हणून तर चालायला आलोय."

"तंदुरुस्त नही ना? मंग आतमा चक्कर ईसन पडशात, तं जबाबदारी कोनी?"

"आणि तंदुरुस्त असलो तर?"

"मंग चालानी इतली घाई कसाले?"

खरं सांगायचं तर मनातून पितांबररावांना त्या कारकुनाचं कौतुकच वाटलं. असा बिनतोड कारभार आपल्या कचेरीतही हल्ली राहिलेला नाही, असं त्यांना वाटून गेलं. ते मुकाट्याने मागे फिरले आणि रस्त्याने चालू लागले. कॉलनीतल्या कुत्र्यांनी पांढरे बूट पूर्वी पाहिले नसावेत, कारण ती पार हमरस्त्यापर्यंत सोबत आली आणि त्यामुळे पहिल्या दिवशीचं चालणं बरंचसं धावण्यातच गेलं.

परतताना घराच्या फाटकाशी समोरच्या घरातले रूपचंदभाऊ उभे होते. एसटीत कंडक्टर म्हणून जन्म घालवल्यामुळे कुठल्याही माणसाला योग्य जागी उतरवणं ही आपली जबाबदारी आहे, असं ते निवृत्तीनंतरही समजत. त्यांनी मेथ्या सांगितल्या, कारल्याचा रस सांगितला, जांभळाच्या बियांची पूड सांगितली आणि शेवटी पहाटेच्या दवात अनवाणी चालायला सांगितलं. जूनच्या कोरड्या ठणठणीत नंदुरबारात दव कुठून आणायचं, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. पितांबररावांनी दव सोडून बाकी सगळं केलं, एकाच सकाळी आणि उपाशीपोटी. त्या दिवशी ते कचेरीत फारसे कुणाला दिसले नाहीत.

पण नियमाला खरा पाया मिळाला तो शेजारच्या नेमीचंद शेठांमुळे. शेठांचं बाजारात किराण्याचं दुकान. चार पिढ्यांपूर्वी मारवाडातून आलेलं जैन घराणं, आता बोलणं अगदी इथलंच. चातुर्मास लागला आणि शेठांच्या पत्नी उमरावबाई एकवेळ जेवू लागल्या. दिवस मावळला की त्या घरात पाण्याचा पेलासुद्धा हलत नसे. पितांबररावांनी हे कुंपणावरून पाहिलं आणि ते भारावून गेले. इथे अर्धवट काही नव्हतं. ते थेट शेठांच्या ओसरीवर जाऊन बसले आणि मलाही नियम द्या म्हणाले.

"आमना महाराजसाहेब देतस तो," शेठ म्हणाले. "पन शेजारधर्म म्हनीसन मी बोलस, तुम्ही मांगे बोला. एक सांगू का साहेब, ल्हानसा नियम ल्या. आम्हनामा कोनी चार महिना नुसती हिरवी भाजी सोडस. तेबी भलतं मोठं व्हई जास."

पितांबररावांनी लहान काही ऐकून घेतलं नाही. गोड बंद, गहू बंद, भात बंद, तळलेलं बंद, रोज पहाटे चालणं, एकही खाडा नाही, आणि जेवण दिवस मावळायच्या आत. दिवाळीपर्यंत.

शेठ म्हणाले, "बरं. मंग सूट तरी ठेवा."

"सूट?" पितांबररावांचं मराठी एकदम शुद्ध झालं. "शेठजी, सूट ठेवली तर तो नियम कसला? कचेरीत दिवसभर मी सूट मागणारेच बघतो. मला सूट नको."

शेठांनी वाद घातला नाही. त्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि तोंडातल्या तोंडात बराच वेळ काहीतरी म्हटलं. पितांबररावांना वाटलं, मंत्र असेल. ते ताठ मानेने घरी आले आणि त्यांनी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकर मागितली.

पहिला आठवडा नियमाने राज्य केलं. एका संध्याकाळी साहेबांची बैठक लांबली आणि खिडकीबाहेर सूर्य कलू लागला, तेव्हा पितांबरराव हळूच उठून रेकॉर्ड रूममध्ये शिरले आणि अंधारात, जुन्या गठ्ठ्यांच्या मागे उभं राहून त्यांनी डब्यातली भाकर संपवली. शिपायाने दार उघडलं तेव्हा तोंड भरलेलं असल्यामुळे त्यांना काही खुलासा करता आला नाही. दुसऱ्या दिवशी कचेरीभर कुजबुज होती की ऑडिट येतंय आणि पाटीलसाहेब कागद खाताहेत. एवढ्या निष्कलंक नोकरीनंतर हे ऐकणं सोपं नव्हतं, पण नियमासाठी त्यांनी तेही गिळलं.

मग पेढा आला. एका सहकाऱ्याची मुलगी पास झाली होती. त्याने पेढा पुढे केला, पितांबररावांनी फायलीवरची नजर न काढता तो उचलला आणि तोंडात टाकला. अर्धा विरघळल्यावर त्यांच्या लक्षात आलं. उरलेला अर्धा थुंकायचा, तर समोर सहकारी उभा.

नियम मोडला होता. आता इथून पुढचा विचार फक्त एक अधीक्षकच करू शकतो. मोडलेला नियम पाळता येत नाही, जसं रद्द झालेल्या टेंडरवर काम करता येत नाही. नवा नियम सुरू करायचा तर तो सोमवारीच, कारण गुरुवारी कुठली चांगली गोष्ट सुरू होते? म्हणजे मधल्या दिवसांत नियम अस्तित्वातच नाही. आणि सोमवारपासून सगळं कायमचं बंद होणार असेल, तर या दिवसांत राहिलेलं सगळं खाऊन घेणं हे एक प्रकारचं कर्तव्यच ठरतं. त्या संध्याकाळी पितांबरराव घरी आले ते जिलेबी आणि फाफड्याचा पुडा घेऊन. शनिवारी कचोरी झाली, रविवारी तूप घालून वरण-बट्टी. चालायला ते गेले नाहीत, कारण चालणं नियमात होतं आणि नियम मोडलेला होता.

त्या गुरुवारी नेमीचंद शेठ कुंपणाशी आले होते. त्यांना काही सांगायचं होतं. पण पितांबररावांच्या हातात जिलेबी पाहून ते "चालू द्या, चालू द्या" म्हणत मागे फिरले.

पुढच्या सोमवारी नियम नव्याने सुरू झाला आणि बुधवारी पावसाने पहाटेचं चालणं बुडालं. एक खाडा. परत भजी. त्यापुढच्या आठवड्यात दिवस मावळल्यावर एक घास राहिला. परत कढई. असे सोमवार येत गेले आणि जात गेले. पितांबररावांची पँट पोटाशी बोलू लागली.

"मी काय म्हनस," रुपाबाई एक दिवस कढईतून पुऱ्या काढता काढता म्हणाल्या, "तुम्ही नियम लेवानं सोडी द्या. नियम सुरू व्हस तं बठ्ठं घर उपाशी, नि मोडस तं मन्ही कढई चुलावरथून उतरत नही. पह्यले आपण बरं खात व्हतूत."

"यावेळी मोडणार नाही," पितांबरराव म्हणाले. त्यांच्या पानात तेव्हा गुलाबजाम होता, त्यामुळे ते थोडं अस्पष्ट ऐकू आलं.

अशात श्रावण आला आणि कानबाई आली. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई देवीचा रोट, म्हणजे नैवेद्याचा स्वयंपाक, होतो. रोटाची रीत अशी की घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे, चक्की धुऊन घेऊन त्यावर ते दळायचे आणि त्याच पिठाच्या पुरणपोळ्या करायच्या. सोबत खीर आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी. तो रोट भाऊबंदांनीच खायचा. शेजाऱ्याला द्यायचा नाही, टाकायचा नाही, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचा.

पितांबररावांनी याचा आधीच बंदोबस्त करायचं ठरवलं. रनाळ्याला त्यांच्या धनुकाकू होत्या. वडिलांच्या धाकट्या भावाच्या पत्नी, आता घरातल्या सर्वांत मोठ्या; भाऊबंदकीचा रोट त्यांच्याच हाताने निघे. पितांबररावांनी फोन केला. एकदा मूठच नसली की पोळीही नाही, इतका सरळ हिशेब होता.

"काकू, यंदा मन्ही मूठ काढू नका."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग काकूंनी विचारलं, "काय बोलना तू?"

"मन्हा नियम शे. मन्ही मूठ नको."

फोन ठेवला गेला. पितांबररावांना वाटलं, काम झालं. चहा व्हायच्या आत चुलतभाऊ अमृतचा फोन आला. "भाऊ, काय वाद व्हयना? मन्हं काही चुकनं का?" तो ठेवतात तोच सुरतेहून दुसऱ्या चुलतभावाचा. त्याने इकडचं तिकडचं न बोलता थेट विचारलं की विहिरीकडचा तुकडा कुणाकडे जातोय. पुण्याहून पुतण्या म्हणाला, काका, वाटणी करताय तर आम्हाला आधी कळवायला हवं होतं. पितांबरराव प्रत्येकाला सांगत होते की साखरेमुळे, आणि प्रत्येकजण समजत होता की जमिनीमुळे. शेवटी काकूंचाच फोन परत आला. आवाज रडून बसलेला होता.

"दख पितांबर. मूठ दोनच मानसंसनी बंद व्हस. एक मरी जास तो, नि एक येगळा निंघस तो. तू यामातला कोनता?"

मोडलेल्या नियमांची पितांबररावांना सवय झाली होती, पण काकू रडताना ऐकायची नव्हती. रुपाबाईंनी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि म्हणाल्या, "काकू, आम्ही दोन्ही ई ऱ्हायनूत रविवारे."

रविवारी रनाळ्यात पोचल्यावर काय दिसावं? काकूंनी पितांबररावांची मूठ काढली होती, आणि पोर भलतंसलतं बोललं म्हणून ती जरा सढळ हाताने काढली होती. तिकडे सुरतेच्या आणि पुण्याच्या मंडळींच्याही मुठी निघाल्या होत्या. मात्र वाटणी होत नाही हे कळल्यावर ती मंडळी आलीच नव्हती. अमृतचं पोट बिघडलेलं. त्याच्या पोरांना पुरण आवडत नव्हतं. आणि पाटावर पोळ्यांची ही एवढी चळत. ज्याला एक मूठ नको होती, त्याच्यापुढे आता सगळ्या भाऊबंदकीच्या मुठी होत्या.

काकूंनी पोळी वाढली आणि तुपाची वाटी तिच्यावर पालथी केली. समोरच्या भिंतीवर वडिलांचा फोटो होता. पितांबररावांचा हात पुढे होईना. गहू, गूळ, तूप, सगळं एकाच पोळीत. नाही म्हणावं तर काकू, खावं तर तो ओटा. ते "आलो" म्हणून उठले, ओट्यावर गेले आणि त्यांनी नेमीचंद शेठांना फोन लावला.

"शेठजी, मला नियमातून सोडवा," ते म्हणाले आणि त्यांनी सगळी हकीकत सांगितली.

"सोडवाले काय शे त्यामा?" शेठ म्हणाले. "खा ना. वडीलधारा मानूसना शब्द उना तं नियम मोडत नही."

"पण मी तर सूट नको म्हटलं होतं."

"तुम्ही नको बोलनात. पन साहेब, आम्हनामा सूट ठेवाशिवाय नियम देताच येत नही. तोंडमा तोंडमा मी तीच म्हनेल व्हती. ईसरीसन तोंडमा गयं तं सूट. एकदम काही व्हई गयं तं सूट. मोठासना शब्द, नि जीव घाबरना, तं सूट. फक्त ध्यानमा उनं का थांबी जावानं, बस."

पितांबरराव खांबाला टेकले. "म्हणजे तो पेढा?"

"तो तं ईसरीसन खादा ना तुम्ही? पेढावरी नही मोडना नियम. पेढामांगून जी जिलेबी लयी उनात ना, तिनावरी मोडना. मी सांगाले उनथू कुंपनजोडे. पन तुम्ही इतला मन लाईसन खाई ऱ्हायंतात, माले बोलानं जमनं नही."

पितांबररावांच्या डोळ्यांपुढून ते सगळे आठवडे गेले. कचोऱ्या गेल्या, भजी गेली, गुलाबजाम गेले. एवढं सगळं त्यांनी खाल्लं होतं ते एका न मोडलेल्या नियमाचं सुतक म्हणून. त्यांना हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

काकू मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी बोलणं ऐकलं होतं. गुडघ्यावर हात टेकून त्या ओट्याच्या कडेला बसल्या, जिथे पूर्वी खाट असे.

"तुन्हा बापबी असाच व्हता," त्या म्हणाल्या. "डॉक्टरनी गोयी देयेल व्हती. एक दिन चुकनी का म्हने, आते मोडनंच शे, सोमवारपाइन नीट लेसू. मंग सोमवारलोंग गोयी बी नही, नि पथ्य बी नही. असा कितला सोमवार गयात. तुम्ही पोरं म्हनतस, गोड खाईसन पाय गया. पोयीमुये नही गया रे त्याना पाय. त्या सोमवारमुये गया."

इतकी वर्षं पितांबररावांना वाटत होतं की वडिलांकडून साखर आपल्याकडे आली असेल. साखर अजून काठावरच होती. सोमवार मात्र कधीचा घरात येऊन बसला होता. आणि गंमत म्हणजे हे कळल्यावर त्यांना भीती वाटायच्या ऐवजी एकदम हलकं वाटलं, कारण साखरेचं काय करायचं ते माहीत नसलं तरी सोमवारचं काय करायचं ते त्यांना आता कळलं होतं.

"चला काकू," ते म्हणाले, "पोयी थंडी व्हई ऱ्हायनी."

ते पानावर बसले आणि त्यांनी पोळी खाल्ली, एक, सावकाश, तुपासकट. बऱ्याच दिवसांत त्यांनी एखादी गोष्ट चव कळेल अशी खाल्ली नव्हती. काकूंनी दुसरी पुढे केली, तेव्हा पानावर आडवा हात धरून ते म्हणाले, "बस. बाकी उद्या." काकूंनी रुपाबाईंकडे पाहिलं, रुपाबाईंनी पितांबररावांकडे पाहिलं. या माणसाच्या तोंडून ‘बाकी उद्या’ हे शब्द रुपाबाई लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकत होत्या.

उरलेल्या पोळ्या वाटल्या गेल्या. एक गाठोडं अमृतकडे, एक नंदुरबारला. पौर्णिमेला अवकाश होता आणि रोज एक तुकडा खाल्ला तरी त्या संपणार होत्या. संध्याकाळी ऊन उतरल्यावर पितांबरराव काकूंना घेऊन विहिरीकडच्या त्या वादग्रस्त तुकड्यापर्यंत चालत जाऊन आले. त्या दिवशी पहाटेचं चालणं बुडालं होतं, म्हणून ते संध्याकाळी चालले. असं करता येतं, हे त्यांना कुणी आधी सांगितलं नव्हतं, किंवा डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तेव्हा राग आला होता.

त्यानंतर सांगण्यासारखं फार काही घडलं नाही, आणि हीच त्यातली मोठी गोष्ट. कधी पहाटे चालणं होई, कधी जेवणानंतर रुपाबाईंबरोबर शेठांच्या दुकानापर्यंत. गणपतीत बरेच दिवस काहीच झालं नाही आणि मग परत झालं. कचेरीत पेढा आला तर ते निम्मा घेत आणि निम्मा शिपायाला देत. रुपाबाईंची कढई हुकावर लटकून राहिली. दिवाळीला एक करंजी त्यांनी खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी कुठलाही सोमवार न बघता फिरायला बाहेर पडले. एव्हाना शहराबाहेर वाळत घातलेल्या लाल मिरच्यांची पथारी पडू लागली होती आणि त्या रस्त्याने चालणारा माणूस शिंकत शिंकतच घरी येई. रूपचंदभाऊंनी सांगितलं की शिंकेने साखर उतरते. पितांबररावांनी ते ऐकून घेतलं.

डॉक्टर फाल्गुनीबेननी नवा रिपोर्ट वाचायला घेतला, तेव्हा पितांबररावांनी टेबलाची कड घट्ट धरली होती. रुपाबाईंनी तो हात पाहिला आणि इतक्या महिन्यांनी त्यांना कळलं की आपला नवरा नुसता हट्टी नव्हता, घाबरलेला होता. त्यांनी आपला हात त्या हातावर ठेवला.

"उतरलीय," फाल्गुनीबेन म्हणाल्या. "काठापासून मागे आलीय थोडी. छान. गोळी नको सध्या."

थोडी म्हणजे किती, असा प्रश्न पितांबररावांच्या ओठांपर्यंत आला होता. त्यांनी तो विचारला नाही. त्यांना नुसता श्वास सोडायचा होता, आणि तो त्यांनी इतका मोठा सोडला की टेबलावरचा रिपोर्ट हलला.

"रोज चालता ना?"

"रोज नही बेन," पितांबरराव दवाखान्यात पहिल्यांदाच घरच्या भाषेत बोलले. "काल चालनू व्हतू. उद्या चालसू."

बाहेर आल्यावर दोघांना इतका आनंद झाला होता की बोलत बोलत, शिंकत शिंकत ते घरापर्यंत चालतच आले. फाटकाशी रूपचंदभाऊंनी विचारलं की स्कूटर कुठे आहे, तेव्हा कुठे पितांबररावांना आठवलं की ती दवाखान्यासमोर उभी आहे.

"जाऊ द्या," ते म्हणाले. "उद्या चालत जाऊन आणतो. पाऊस आला तर परवा."